ट्रायलवर आलेला थर्मल कॅमेरा

बहारीनमधल्या आमच्या वीज कंपनीच्या लाईन मेंटेनन्सची माणसं एकत्र बसली, की थोड्या वेळात गाडी त्या कॅमेऱ्यावर येतेच. वर्षं उलटली, तरी प्रत्येक बैठकीत एखादा किस्सा वाढतो. मी फक्त माझ्यासमोर घडलेले सांगतो.

नव्वदीच्या शेवटी कंपनीने हातात मावेल असा थर्मल कॅमेरा ट्रायलवर आणला. तारेचा सांधा ढिला झाला की तापतो. या कॅमेऱ्यात तापलेलं पांढरं दिसायचं, थंड ते काळं. उघड्यावर, तिथल्या उन्हाधुळीत तो चालतो का, हे पाहायचं काम माझ्यावर आणि वसईच्या फ्रान्सिसवर आलं. आमचे बहारीनी इंजिनिअर हसन तिकडच्या हिंदीत बोलायचे, त्यात 'नाही'ला अरबी 'मफी' म्हणतात. ते मला म्हणाले, "गवई, तू अच्छा बोलेगा तो लेगा. फिर उसके भरोसे आदमी खंबे पे चढेगा."

झालं, माझी झोप उडाली.

*

पहिल्याच दिवशी, ऑगस्टच्या दुपारी, अस्करला गेलो. कॅमेरा चालू केला तर खांब पांढरा, तारा पांढऱ्या, जमीन पांढरी. मी बटणं दाबून घामाघूम झालो. नवाकोरा कॅमेरा बिघडवला, आता व्हिसा कॅन्सल, हेच डोक्यात.

फ्रान्सिसने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली. "गवई, ऑफिसला कळव. अख्खा बहारीन फॉल्टी आहे."

तेव्हापासून आम्ही उन्हं उतरल्यावर किंवा पहाटेच जायला लागलो.

*

नईममध्ये रस्त्याकडेला अ‍ॅल्युमिनियमची, आरशासारखी चकचकीत वीजपेटी होती. एका गार पहाटे तिच्या दारावर मोठा पांढरा डाग दिसला. वायरलेसवर हसनना कळवलं. ते म्हणाले, "सप्लाय बंद करूं?"

बंद केला तर अर्धी वस्ती अंधारात. नाही केला आणि पेटी पेटली तर? मी बोलणार, तेवढ्यात माझ्या शेजारी उभा फ्रान्सिस पाण्याची बाटली उचलायला वाकला. डागही वाकला.

"गवई," हसन पुन्हा विचारत होते, "फॉल्ट है?"

"मफी, सर. फ्रान्सिस है."

*

जिदहफ्सला एका पोलिसाने आम्हाला थांबवलं. कॅमेरा म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. "किसका फोटो निकालता?"

"फोटो नहीं, गरमी देखता," मी म्हणालो. ते मलाच खरं वाटेना. कॅमेरा जप्त झाला तर हसनना काय सांगायचं? शेवटी मी तो त्याच्याच हातात दिला. थंडी होती. त्याने जीपशेजारी उभ्या असलेल्या आपल्या जोडीदाराकडे रोखला आणि गंभीर झाला.

"इसका तो नाक मफी."

गार नाक काळं दिसतं, हे समजावता समजावता त्या दोघांबरोबर आमचा चहाही झाला.

*

जानेवारीतली संध्याकाळ. काम संपवून फ्रान्सिस पिकअपच्या मागच्या फळीवर बसून सेफ्टी शूज काढत होता. मी गंमत म्हणून कॅमेरा त्याच्याकडे वळवला. बुटातून नुकतेच निघालेले पाय. उजवा पांढराशुभ्र. डावा घोट्यापासून खाली काळा.

मी जागा बदलून पाहिलं. तसंच.

"डावा पाय दुखतो का रे?"

"चाललो की पोटरी धरते. वय झालं. का?"

मी स्क्रीन दाखवली. तो हसला. "हा कॅमेरा परत पाठव."

मला हसू येईना. त्याची बायको सिंथिया हॉस्पिटलात नर्स. त्याला घरी सोडताना मी वर गेलो आणि वहिनींना सांगितलं. त्याही हसतील असं वाटलं. त्यांनी जमिनीवर बसून त्याचे दोन्ही पाय हातात धरले. मग डाव्या पावलावर बोटं ठेवून नाडी शोधत राहिल्या. बराच वेळ.

"भाऊजी, गाडी चालू करा."

पायाची रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशननंतर ते फ्रान्सिसला तपासायला आले, तेव्हा मी खाटेशेजारीच होतो.

"वेळेवर आलात," ते म्हणाले. "आधी कुठल्या डॉक्टरांनी पाहिलं होतं?"

फ्रान्सिसने माझ्याकडे बोट दाखवलं.

"लाईन मेंटेनन्स."