हात वर करायलाही मुंबईची परवानगी?

ग्रुपमधल्या मुंबईकर गावकऱ्यांनो, महाडच्या सायबर कॅफेतून लिहितोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

आज सकाळी आपल्या वाडीची ग्रामसभा होती. प्रश्न एकच. आजूबाजूच्या गावांसोबतच्या ग्रुप ग्रामपंचायतीतून बाहेर पडून स्वतःची ग्रामपंचायत मागायची का? एका दाखल्यासाठी नदीपलीकडच्या गावात किती वर्षं हेलपाटे घालायचे?

ग्रामसेवक म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

मी केला. बाकी सगळे गावकीच्या अध्यक्षांकडे बघत बसले. ते म्हणाले, "मुंबई मंडळाचा निरोप हाय. रविवारी तिकडं मीटिंग हाय, तवर कोनी हात वर करायचा नाय."

तेवढ्यात मागून सुभद्राकाकींचा हात वर झाला. पेन्शनच्या कागदासाठी पावसात तीनदा नदी ओलांडलेली बाई ती. "मंडळ येतंय काय माझ्यासंगं चालायला?"

अध्यक्षांनी मोबाईल लावला आणि काकींच्या कानाला दिला. पलीकडे काकींचाच मुंबईतला मुलगा होता. काकींनी ऐकून घेतलं, "बरं रे बाबा" म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

ठराव बारगळला. आपला कारभार आपण करायचा, तोही मुंबईला विचारून!

तुम्हा मुंबईकरांच्या मंडळाने गावात देऊळ बांधलं, मान्य. पण तुमची नावं तिकडच्या मतदारयादीत आहेत ना?

काकींचा मुलगा याच ग्रुपमध्ये आहे. बाबा रे, तू तिकडे मत द्यायला जातोस, तेव्हा आधी आईला फोन करून विचारतोस का?