वरच्या मजल्यावरची हिमनदी

बाळांनो, आपल्या वरच्या मजल्यावर जे भाडेकरू राहतात, त्यांच्याइतका वक्तशीर ऑफिसला जाणारा माणूस अख्ख्या इंदुरात सापडायचा नाही. आणि त्यांचं ऑफिस त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत आहे. रोज सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खांद्याला बॅग अशा थाटात ते जिना उतरतात, मला "येतो काकू" म्हणतात, अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत जातात आणि वीस मिनिटांनी तोच जिना चढून कामाला बसतात. न्यूझीलंडमधल्या एका संशोधन संस्थेची ही नोकरी. उपग्रहांनी घेतलेले तिकडच्या हिमनद्यांचे फोटो बघायचे आणि बर्फ किती वितळला ते इथून मोजायचं.

घर वेगळं, ऑफिस वेगळं, यात तडजोड नाही. त्यांची बायको इथल्या कॉलेजात शिकवते. एकदा ती किल्ली विसरली आणि दहा मिनिटं बेल वाजवत उभी राहिली. शेवटी तिनं फोन केला, तेव्हा हे दार उघडून शांतपणे म्हणाले, "अगं, बेल घरची वाजत होती. मी ऑफिसात होतो." ती म्हणाली, "मग आज जेवायलाही ऑफिसातच थांबा!" त्या दिवशी ते खरोखरच माझ्याकडे जेवले.

मे महिन्यात आपण कूलरपुढून हलत नाही, तेव्हा हे स्वेटर घालून गॅलरीत येतात. "काकू, सकाळपासून बर्फात आहे, हुडहुडी भरते हो." हिमनद्यांना नंबर असतात, पण यांच्या तोंडी त्या घरच्या माणसांसारख्या. "सतरा नंबर आणखी मागे सरली," असं ते एखाद्या आजारी आत्याबद्दल सांगावं तसं सांगतात, आणि मला शिरा करून वर पाठवावा लागतो. पीएच.डी. आहेत, म्हणून गल्लीत त्यांना 'बरफवाले डॉक्टर साब' म्हणतात. समोरच्या भाभीजी एकदा खोकला घेऊन गेल्या. यांनी अर्धा तास तो मन लावून ऐकला आणि सांगितलं, "पानी उबालकर पीजिए." खोकला गेला. तेव्हापासून भाभीजींची श्रद्धा अढळ आहे.

गेल्या महिन्यात मात्र ते एका सकाळी चपला घालून खाली आले. बूट नाहीत म्हणताच मी त्यांना आधी खुर्चीत बसवलं. संस्थेनं ठरवलं होतं, लांबून काम करणाऱ्या सगळ्यांनी आता तिकडेच यावं. ज्याला इथूनच करायचं असेल, त्यानं वर्षाचं काम सगळ्यांपुढे मांडून पटवून द्यावं. "नाही पटलं तर बायको इथे नि मी तिथे, काकू," ते म्हणाले.

कॉम्प्युटरवरून मांडायची वेळ आपल्याकडे सकाळी आठची. मी गल्लीत फिरून फर्मान काढलं: कुकर नाही, मिक्सर नाही, स्कूटरला किक नाही. आठला सगळं चिडीचूप झालं. वरून त्यांचा आवाज सुरू झाला आणि कोपऱ्यावरून गाणं वाजवत कचरागाडी वळली! सगळा विचार केला होता, हिचा सोडून. रोजच्या रोज ऐकून तो आवाज आहे हेच आम्ही विसरलो होतो.

मी तशीच धावले. "भिया, गाना बंद करो! ऊपर डॉक्टर साब का इम्तिहान है।"

"अम्माजी, गाना बंद किया तो कचरा लेके आएगा कौन?"

"मैं बुलाती हूँ।"

आणि मग मी दारोदार जाऊन नुसत्या खुणा केल्या. सगळी गल्ली चवड्यांवर चालत आली. ओला वेगळा, सुका वेगळा, शिस्तीत फरक नाही. भाभीजींच्या डब्याचं झाकण खणकन पडलं, तेव्हा वीस जण एकदम "शूऽऽ" म्हणाले. ड्रायव्हर स्वतः उतरला आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशा पिशव्या गाडीत ठेवू लागला. शाळेतल्या उभ्या नोकरीत मला एकाही वर्गाकडून इतकी शांतता मिळाली नव्हती.

पाऊण तासानं डॉक्टर साब जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत आले. "काकू, मानलं! इथूनच करा म्हणाले! आणि त्यांनी विचारलं, एवढ्या शांत कुठल्या गावात बसलात? मी म्हटलं, इंदूर!" बायको हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. दुपारपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले.

संध्याकाळी तुमच्या बाबाला ही सगळी गंमत फोनवर सांगितली. तोही खूप हसला. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या संशोधनातलं नाही का रे काही असं, इथून करता येण्यासारखं?"

"आई, माझं काम मशीनपाशी उभं राहून करायचं असतं गं. मशीन इकडे आहे."

"हो रे," मी म्हटलं, "त्याला एकटं टाकून कसं चालेल."

फोन ठेवला आणि तुम्हा दोघांच्या नावाचे दोन पेढे डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवले. पेढे फार दिवस टिकत नाहीत, हे काय मला ठाऊक नाही? तरी ठेवले.