दांड्यावरचे तेलवाले साहेब

फायली बंद होतात, किस्से मात्र साठतच राहतात. चहाला बसलो आणि कुणी समुद्राचं नाव काढलं, की मी सुरूच होतो!

सत्तर सालानंतरची गोष्ट. बाहेर समुद्रात एक तेलाचं जहाज फुटलं आणि काळं तेल मुंबईच्या खारदांडा कोळीवाड्याकडे सरकायला लागलं. मदतीला दोन साहेब आले, एक नॉर्वेचा, एक जपानचा. मी अंधेरीत राहणारा सरकारी कारकून. इंग्रजी बरं, म्हणून माझी त्यांच्याबरोबर रवानगी!

*

नॉर्वेहून तेल अडवायचा तरंगता पट्टा आला, तो बंदरावरच अडकला. कस्टमच्या फॉर्मवर विचारलं होतं, 'माल कुणासाठी?' मी लिहिलं, 'समुद्रासाठी.'

फॉर्म परत! वर शेरा, 'सदर इसमाचा पूर्ण पत्ता लिहावा.'

*

इकडे दोन्ही साहेबांची जुंपलेली. एक म्हणे पट्ट्याची वाट बघू, दुसरा म्हणे तेल विरवणारं औषध फवारू. नकाशे, चहा, पुन्हा नकाशे. दांड्याचा धर्मा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, शेवटी वैतागला. "तुमी भांडा बापांनो, भरती काय थांबाची नाय!"

त्यानं जुन्या जाळ्यांत भाताचा पेंढा भरला आणि दोरांनी बांधून किनाऱ्यासमोर आडवा सोडला. पेंढ्यानं तेल धरून ठेवलं की हो! नॉर्वेचा साहेब पँट गुडघ्यावर गुंडाळून दोर ओढता ओढता मला म्हणाला, "ही आयडिया कुठल्या देशाची?"

मी म्हटलं, "दांड्याची!"

*

तेल गेलं, पण लोकांच्या मनातून वास जाईना. धर्माची बायको हिराबाई अंधेरीच्या बाजारात ताजी सुरमई घेऊन बसायची आणि भरली पाटी परत न्यायची. रोज! चूल कशी पेटवत असेल?

साहेबांनी मासे तपासले, 'खायला चांगले' असं सही करून लिहून दिलं. हिराबाईनं कागद पाटीला लावला. एका बाईनं तो वाचला, नाक मुरडलं आणि चालू लागली.

"भाऊ, कागद तुमी खा," हिराबाई मला म्हणाली. "मासा कोण खाल, ते सांगा!"

जपानी साहेबानं विचारलं, "काय म्हणाली?" मी सांगितलं.

तो पाटीपाशी उकिडवा बसला, तिचाच कोयता उचलला, सुरमईचा पातळ काप काढला आणि कच्चाच तोंडात टाकला. चावला. मग दुसरा काप काढला.

सारा बाजार भोवती जमला! मागून कुणाची तरी पिशवी पुढे आली. मग आणखी एक.

हिराबाईनं त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. पदरानं डोळे पुसत ओरडली, "अरे मेल्या, थांब की! तळून दिली असती ना रे!"