तेहतीस इंची टायर

"मूर्ती सुहासाच्या हातात नको हां, तेका डुलकी लागात!"

लालबागच्या कारखान्यात काका म्हणाले. सगळे हसले. सुहासदादाही हसला आणि दोन पावलं मागे सरकला. मी गप्प — दर गणपतीला असते तशी. का, ते तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

दादा माझा चुलतभाऊ, घोडपदेवचा. त्याने जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली, मागे सीट असलेली. गावी आमच्या घराचा शेवटचा चढ कच्चा, दगडांचा. मूर्ती थेट अंगणात उतरवायची, एवढंच त्याच्या मनात. त्यासाठी गाडी उंच करायची, मोठे टायर घालायचे. पण किती उंच? केवढे टायर? सगळी माहिती इंग्रजीत. म्हणून मी, इंग्रजी शाळेत शिकलेली. ज्या घरात माझ्या मराठीला हसतात, तिथे तो म्हणाला, "हिला विचारा. हिने सगळं वाचलंय."

वाचलं होतंच. दोन इंच उचललेल्या त्या गाडीला तेहतीस इंची टायर बसतो — गाडी रिकामी असेल तर. माणसं-सामान भरून ती दबली की वळताना टायर आत मडगार्डला घासतो. एक आकार लहान घ्या, असं सरळ लिहिलेलं होतं.

परळच्या गॅरेजमध्ये दादा त्या टायरवर हात फिरवत उभा होता. "काय दिसतोय बघ! बसेल ना गं?" मेकॅनिक, दादाचे मित्र, सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. इतकं कठीण होतं का ते?

"बसेल," मी म्हणाले.

निघायच्या दिवशी काकू मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसली. सामान खचाखच. गाडी गल्लीतून वळली आणि मला ऐकू आलं — खर्र. हाक मारली असती तर थांबली असती. मी — मी हात हलवत राहिले.

घाटात, वळणावर, पुढचा टायर फुटला. गाडी डोंगराला धडकली. काकूचा हात मोडला. मूर्ती भंगली. त्या वर्षी घरात गणपती बसला नाही. टायर धडकेने फुटला, पहाटे उठून निघालेल्या दादाचा डोळा लागला असणार, असं काकांनी ठरवलं. आणि दादाने मानलं — हेच मला सोडत नाही. "आठवत नाही गं, झोपलो असेन खरंच," तो मला म्हणाला होता. मला! त्याने गाडी विकली. मूर्तीला तो हात लावत नाही. गिरगावात आमच्या खिडकीखाली एखादा टेम्पो वळला, की मी अजून श्वास धरून ऐकते.

या वर्षी काकांनी मूर्ती उचलली तेव्हा दादा कारखान्याच्या दाराशी सगळ्यांच्या चपला राखत उभा होता. मी त्याच्याकडे गेले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

"टायर घासणार हे मला माहीत होतं, दादा. तरी मी बसेल म्हणाले. निघताना घासलेला ऐकलासुद्धा."