उसन्या ओव्या

कुरुळीच्या शालनबाईंकडे डेन्मार्कची मुलगी राहायला आली, तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. हाना तिचं नाव. तिकडच्या विद्यापीठात मानवशास्त्र शिकणारी, पुण्यात वर्षभर राहून मराठी शिकलेली, आणि आता गावात राहून माणसं कशी जगतात ते बघायला आलेली. गावात एवढी घरं असताना ती आपल्याच घरी उतरली, हे शालनबाईंनी पिठाच्या गिरणीपासून देवळापर्यंत सगळ्यांच्या कानावर घातलं होतं.

एकदा हानाने विचारलं, "काकू, तुम्हाला जात्यावरच्या ओव्या येतात?"

"येत्यात की. आमच्या सासूबाईंच्या लई हायेत," शालनबाई बोलून गेल्या. खरं तर सासूबाईंनी दळताना शिव्यांखेरीज तोंडातून काही काढलं नव्हतं. जमिनी कंपन्यांना गेल्या, मागे भाडेकरूंच्या खोल्या उठल्या, आणि जातं पार्किंगमध्ये तुळशीच्या कुंडीखाली जाऊन बसलं. पण आता माघार घ्यायची म्हणजे त्या पोरीपुढे नाक कापून घेण्यासारखं होतं.

मागच्या खोलीत बीडकडची कस्तुरा राहायची. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची आणि घरी काम करताना ओव्या गुणगुणायची. शालनबाईंनी तिला बोलावून चार ओव्या घोकून घेतल्या. त्यात कुणा पिंकीचं नाव होतं. हाक मारली तरी घरात न येणाऱ्या पोरीचं. शालनबाईंनी तेही पाठ केलं. कोण ही पिंकी, असं विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी त्या धुतलेल्या जात्यापुढे नऊवारी नेसून बसल्या. हानाने रेकॉर्डर लावला. ओव्या झकास झाल्या. मदतीला बोलावलेली कस्तुरा चहा घेऊन आली, ती दाराशीच थांबली.

"काकू, ओव्या सासूबाईंच्या, मग पिंकी कोण?" हानाने विचारलं. "हे नाव तर अलीकडचं वाटतं."

शालनबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी कस्तुराकडे पाहिलं.

"काकूंची लेक व्हती ती," कस्तुरा खाली बघत म्हणाली. "तापानं गेली. मग काकूंनीच तिचं नाव ओवीत घातलं."

तिचा आवाज चिरकला, आणि शालनबाईंना सगळं कळलं. मालकिणीची अब्रू राखायला या बाईने स्वतःची लेक त्यांच्या पदरात टाकली होती. कस्तुरा इतके दिवस मागच्या खोलीत राहत होती. लाइटबिल विचारलं, पाणी जास्त का वापरतेस म्हणून विचारलं, पण तुला मुलंबाळं किती, एवढं काही त्यांनी विचारलं नव्हतं.

हानाचे डोळे भरून आले. तिने शालनबाईंचा हात धरला. "माफ करा काकू. कशी दिसायची पिंकी?"

शालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरलेला हात त्यांनी सोडवून घेतला.

"मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "ती माझी न्हाई, हिची हाय. ओव्याबी हिच्याच. मी नुसत्या मिरवल्या."

हानाने रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला.

"चालूच ऱ्हाऊ द्या," कस्तुरा म्हणाली. चहा खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली. "सावळी व्हती माजी पिंकी. म्होरचे दोन दात पडल्याले व्हते."

शालनबाईंना तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण कस्तुरा बोलत होती, आणि आता निदान ऐकणं तरी भाग होतं.