तास पहिला, खोली चार

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. तापीकाठच्या आमच्या गावात केळीच्या बागेत साप निघाला की बाकीची पोरं काठ्या घेऊन धावायची आणि मी घरात शिरून दाराला कडी घालायचे. पुढे एम. ए. केलं, नेट पास झाले, शहाद्याजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागले, पण कडी घालायची सवय काही गेली नाही.

तिथे मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे नोकरी वर्षाची नाही, महिन्याचीही नाही, तासाची. जुलैत मुलाखत द्यायची, परीक्षा जवळ आल्या की नेमणूक संपायची, आणि पुढच्या जुलैत पुन्हा त्याच प्राचार्यांसमोर, त्याच खुर्चीवर बसून आपलं नाव आणि शिक्षण सांगायचं. रोज व्हरांड्यात भेटणाऱ्या बाईला 'आपला परिचय द्या' म्हणताना त्यांना कधी हसू आलं नाही. मला यायचं, मी ते गिळायचे.

आमचा सगळा जीव एका नोंदवहीत. तास संपला की स्टाफरूममध्ये येऊन तास कितवा, खोली कोणती, हे लिहायचं आणि पुढे सही ठोकायची. सही नसेल तर तास झालाच नाही असं धरतात, मग तुम्ही वर्गात घसा कोरडा पडेपर्यंत बोलला असाल तरी. पहिल्या वर्षी माझ्या दोन-तीन सह्या राहिल्या आणि त्यावरून केबिनमध्ये उभं राहून बोलणी खाल्ली. त्यानंतर कधी राहिली नाही. घंटा ऐकली की हात आपोआप पेनाकडे जातो.

मराठीला तासिकेवर आम्ही दोघंच होतो. दुसरे सर काठी गावाच्या बाजूच्या डोंगरातले, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारे. सकाळचा पहिला तास, खोली चार, हा त्यांचा. त्या वर्गात वसतिगृहातली, डोंगरातून आलेली मुलं जास्त. पुस्तकातली मराठी अडली की सर त्यांना त्यांच्या बोलीत समजावत, आणि मग बंद दारातूनही हसण्याचा आवाज येई. तासिकेवरच्या शिक्षकांच्या संघटनेचं तालुक्याचं कामही त्यांच्याकडेच. त्यांना कधी भीती वाटते का, हे मी विचारलं नाही. विचारायचीही मला भीतीच वाटायची.

जानेवारीत संघटनेनं ठरवलं की शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी नंदुरबारला येणार आहेत, तर त्यांना निवेदन द्यायचं आणि सोबत प्रत्येकानं आपला अनुभव लिहून जोडायचा. नाव नको, कॉलेज नको, सही तर मुळीच नको. सरांनी हे दोनदा बजावलं. आमच्याकडे तक्रार वर जाते आणि 'खुलाशासाठी' म्हणून ज्याच्याविरुद्ध असते त्याच्याच टेबलावर परत येते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कागद घडी घालून द्या, मीसुद्धा वाचणार नाही, असं सरांनी कबूल केलं.

माझा तिसरा तास खोली अकरामध्ये असायचा. तो घेऊन आले आणि मधल्या सुटीत कोपऱ्यात बसून दोन पानं लिहून काढली. बाळंतपणानंतर रजा नाही म्हणून ओल्या अंगानं वर्गावर उभी राहिले होते, ती गोष्ट मुद्दाम टाळली. ती वाचून कोणीही मला ओळखलं असतं. तपासणी समिती आली तेव्हा आपण कायम नोकरीत आहोत असं आम्हाला सांगायला लावलं होतं, ते मात्र लिहिलं, प्राचार्यांच्या शब्दांसकट. लिहिताना फार बरं वाटलं. घंटा झाली तसा कागद घाईनं मिटला, सरांच्या हाती दिला आणि वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासानंतर नोंदवहीत 'तास ३, खोली ११' लिहिलं, सही केली आणि पेन तिथेच थांबलं. हेच मी काल लिहिलं होतं. दोन पानांच्या शेवटी, प्राचार्यांच्या त्या शब्दांच्या खाली. घंटा झाली होती आणि हातानं आपलं रोजचं काम उरकलं होतं.

त्या दिवसाचे पुढचे तास मी काय शिकवलं, देव जाणे. प्राचार्य व्हरांड्यातून गेले, नेहमीसारखी मान हलवली, आणि मी जवळच्या वर्गात शिरले. घरी भाकरी करपली. नवरा म्हणाला, "काय व्हयनं तुले? ताप शे का?" मी हो म्हटलं. या नोकरीपायी शेतीचं घर सोडून आम्ही शहाद्यात खोली घेतली होती, आणि मीच ती नोकरी घालवली असं त्याला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

सरांना फोन केला. ते म्हणाले, कागदांचा गठ्ठा नंदुरबारला संघटनेच्या खोलीत आहे, उद्या अकराला द्यायचा आहे, तुम्ही त्याआधी या, तुमचा कागद काढून घ्या. रागाचा एक शब्द नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. नंदुरबार जवळ आलं तशी रस्त्याकडेला मिरची वाळत पडलेली दिसू लागली, घशात ठसका बसला, डोळ्यांना पाणी आलं. शेजारच्या बाईनं पाणी पुढे केलं. मिरचीचं निमित्त होतं ते बरंच झालं, नाहीतर रडू कशाचं ते सांगावं लागलं असतं.

संघटनेची खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. सरांनी गठ्ठा सोडून माझ्यापुढे ठेवला. मी वाचणार नाही म्हणालो होतो, तुम्हीच शोधा, असं म्हणून ते बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पहिला कागद उघडला. माझा नव्हता. खाली 'तास २, खोली ७' आणि सही. दुसरा उघडला, तिथेही तेच. तिसऱ्यावर नव्हती, चौथ्यावर होती. मी भराभर उघडत गेले. निम्म्याहून जास्त लोकांनी माझ्यासारखीच सही केली होती. शाई वेगळी, अक्षरं वेगळी, पण तास, खोली आणि सही त्याच क्रमानं. मग ओळखीचं, गोल गोल अक्षर आलं. सगळ्यांना बजावणाऱ्या माणसाचा कागद. खाली होतं, 'तास १, खोली ४'.

त्याच्याच खाली माझा सापडला. आधी नुसती सहीची पट्टी फाडणार होते, पण अक्षरही ओळखतील असं वाटलं आणि अख्खा कागद पर्समध्ये कोंबला. गॅलरीतून सरांनी विचारलं, "मिळाला का मॅडम?"

सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. भीती वाटली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. सांगितलं तर गठ्ठा पुन्हा सुटेल, सगळ्यांना फोन जातील, अकराची वेळ टळेल आणि सुरुवात कोणापासून झाली याची चर्चा होईल, हे सगळं मनात येऊन गेलं. आणि आणखी एक आलं, ते लिहायलाही लाज वाटते. एवढ्या सह्या हाती लागल्यावर माझी कोण शोधणार, असं मला वाटलं.

मी म्हणाले, "मिळाला." सरांनी गठ्ठा बांधला.

जुलैपर्यंत मी रोज घाबरत होते. शिपाई दारात दिसला तरी उठून उभी राहायचे. मुलाखत झाली, यादी लागली, माझं नाव होतं. सरांचं नव्हतं. त्यांनीच संध्याकाळी फोन केला. मुलाखतीत त्यांच्यापुढे त्यांच्याच कागदाची झेरॉक्स ठेवली होती म्हणे. सही कधी केली ते त्यांना अजून आठवत नव्हतं, आणि ते स्वतःवरच हसत होते.

"तुमचा तरी निघाला, बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझी सही तुम्हाला दिसली नसेल ना, घाईत?"

"नाही सर," मी म्हणाले, "नाही दिसली."

बाकीच्यांचं काय झालं, ते मी कोणाला विचारत नाही.

सरांचे तास प्राचार्यांनी मला देऊन टाकले. मी आभार मानले. पहिल्या दिवशी चार नंबरच्या खोलीत गेले तेव्हा मुलं दाराकडे बघत होती, माझ्या मागून कोणी येतंय का म्हणून. एका मुलीनं पावरीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही, खाली बसली. तासभर मी बोलत राहिले आणि दाराबाहेर काही आवाज गेला नाही.

घंटा झाली. स्टाफरूममध्ये येऊन नोंदवही उघडली, 'तास १, खोली ४' लिहिलं आणि पुढे सही केली.