माशांच्या तब्येतीचे साडू

माणसांपेक्षा माशांच्या तब्येतीची जास्त काळजी करणारा गृहस्थ अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. जिल्ह्यातल्या तळ्यांमधले मासे धड वाढतात की नाही हे बघणं ही त्यांची नोकरी. पण ती सुटीच्या दिवशीही सुटत नसे. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्या अनोळखी पाहुण्याला विचारणार, "तुमच्याकडं तळ्याला पाणी कसंय यंदा?" बाजारात माशाचे कल्ले उघडून इतका वेळ बघणार, की विकणारी बाई एकदा वैतागून म्हणाली, "साहेब, घ्यायचाय का दवाखान्यात न्यायचाय?" घरच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी तळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. त्यातली एक मी चुकून तोंडाला लावणार तेवढ्यात ते ओरडले, "थांबा, ते सोयगावचं आहे!" त्यात माझ्या पोटाची काळजी मुळीच नव्हती.

लहान मासा धरलेला त्यांना खपत नसे. बारीक जाळं दिसलं की काठावरच भांडण. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यासोबत मी सहज सोयगावकडच्या एका तळ्यावर गेलो. पाणी गुडघाभर उरलेलं, आणि मासे वर तोंड काढून हवा गिळत होते. साडूंनी पाणी तपासलं आणि जमलेल्या मासेमारांना म्हणाले, "सगळं काढा. आजच. उद्या एकही जगणार नाही."

जाळ्यावरून ज्या म्हातारीशी त्यांचं वर्षानुवर्षं वाजत आलं होतं, ती पुढं आली. "पिल्लंबी काढायची?"

"व्हय."

"तुमीच म्हनता, साहेब?"

साडू पँट दुमडून चिखलात उतरले आणि जाळ्याचं एक टोक धरलं. दुसरं म्हातारीनं धरलं.

मोठे मासे बाजारात गेले. पिल्लं पिंपांत भरून आम्ही दोघं आणि म्हातारी टेम्पोनं दुसऱ्या, भरल्या तळ्याकडं निघालो. साडू मागं पिंपांपाशी बसून वाटभर हातानं पाणी ढवळत होते. तरी पोचेपर्यंत बरीचशी मरून पोट वर करून तरंगली. उरलेली त्यांनी ओंजळीनं हळूहळू सोडली.

"गेली बगा," म्हातारी म्हणाली. "लई चपळ हायेत."

मी म्हणालो, "चला आता."

"जरा थांबू," साडू म्हणाले. "हे पाणी मानवतंय का बघू त्यांना."

उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिघं काठावर बसून होतो. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि उठावंसं कुणालाच वाटत नव्हतं.